एअर रायफलला ॲक्सेसरीज कोणत्या क्रमानं लावायच्या : गावात १० मीटर नेमबाजी सुरू करणाऱ्या पोट्ट्यांसाठी आणि त्यांच्या मायबापांसाठी

२०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, तेव्हापासून आमच्या वर्धा-यवतमाळकडच्या गावांतही पोट्टे एअर रायफल मागून राहिले, आणि बापही घेऊन देतात, ही लय चांगली गोष्ट आहे. पण पुढं काय होते, की रायफलसोबत ऑनलाइन सगळंच सामान येते, स्कोप म्हणजे दुर्बीण, पीप साईट म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची मागची साईट, चीकपीस म्हणजे गाल टेकवायची पट्टी, वजनं, बायपॉड म्हणजे नळीखालचे दोन पाय, आणि मुलगा एका संध्याकाळी सगळं लावून टाकतो. मग छर्रा कुठंच्या कुठं जातो आणि चूक साईटची आहे, बटची म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची आहे का छर्र्याची, कोणालाच समजत नाही. म्हणून हे जरा लांबण लावून लिहितो. क्रम एकच ध्यानात ठेवा, आधी जागा, मग रायफल अंगाला बसवणं, मग साईट, मग ट्रिगर, आणि वजनं सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच स्क्रू हलवायचा आणि तो किती हलवला ते वहीत लिहायचं.

त्याच्याही आधी कायद्याचं. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या एअर रायफलला लायसन लागत नाही, त्याच्या वर गेलं की लागते. दुकानदार "५.५ पण चालते भाऊ" म्हणाला तरी घेऊ नका. पक्कं बिल घ्या, कंपनीचं ताकदीचं सर्टिफिकेट घ्या, दोन्हीच्या झेरॉक्स रायफलच्या पेटीतच ठेवा. खऱ्या काडतुसांच्या भानगडीत तर पडूच नका, काडतूस भरायचे प्रेस आणि त्याचं सामान परदेशी व्हिडिओत दिसते, पण आपल्याकडे विनापरवाना काडतूस बनवणं हा आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे. आणि पोट्ट्यांना हे बसवून समजावून सांगा, की पक्षी, ससा, घोरपड, काहीच मारायचं नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि आपल्या अवतीभवती ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर, नागझिरा आहे, अभयारण्याच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन नुसतं शिरलं तरी केस होते. एका तितरापायी पोराचं करिअर जाते हो.

जागा

१० मीटर म्हणजे नेम धरणारा उभा राहतो त्या रेषेपासून टार्गेटच्या कागदापर्यंत १० मीटर, म्हणजे साधारण ३३ फूट. गावात जागेची अडचण नसते, कापूस विकला की रिकामी झालेली खोली, गोदाम, कोठ्याच्या बाजूचा लांब व्हरांडा, काहीही चालते. अट एकच, टार्गेटच्या मागं पक्की भिंत पाहिजे आणि बाजूला मधात उघडणारं दार नको. असलंच तर नेमबाजीच्या वेळी आतून कडी. लहान लेकरं आणि कोंबड्या दोन्ही न सांगता येतात.

टार्गेटचा मध्य जमिनीपासून १ मीटर ४० सेंटिमीटरवर पाहिजे, स्पर्धेच्या नियमात ५ सेंटिमीटर इकडंतिकडं चालते. पण आपल्याकडच्या शेणानं सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीला बरेचदा पाणी जायला उतार दिलेला असतो, त्यामुळं टार्गेटखालच्या जमिनीपासून मोजून भागत नाही, जिथं उभं राहायचं तिथली पातळी धरा. गवंड्याकडं ट्यूब लेव्हल असते, पाणी भरलेली नळी, ती अर्धा तास मागून आणा, काम एकदम पक्कं होते.

उजेड टार्गेटवर भरपूर पाहिजे, नियमात १५०० लक्स आहे. मोबाईलच्या लक्स ॲपनं अंदाज येते, तेवढा पुरे. एलईडी फ्लड टार्गेटच्या समोरून वरच्या बाजूनं लावा आणि त्याचं तोंड नेमबाजाच्या डोळ्यात येणार नाही अशी पत्र्याची आड करा. लाइन जाते हे धरूनच चाला, हा दिवा इन्व्हर्टरवर घ्या, कारण उजेड बदलला की साईटमधून काळा गोल वेगळाच दिसते आणि मग विनाकारण क्लिक, म्हणजे साईटच्या नॉबचे खटके, फिरवले जातात. कूलर टार्गेटकडं तोंड करून ठेवू नका, कागद फडफडतो. एप्रिल-मे मध्ये कूलरशिवाय होत नाही हे मान्य, मग सकाळी सहाला प्रॅक्टिस करा, किंवा कूलर नेमबाजाच्या मागच्या खोलीत ठेवा.

छर्रे अडवायचा ट्रॅप विकत मिळते, पण गावचा वेल्डिंगवालाही करून देते. पेटी करायची आणि आत जाड लोखंडी प्लेट तिरपी, ४५ अंशात, म्हणजे छर्रा खाली वळून तळाशी पडते. सरळ उभ्या प्लेटवर किंवा नुसत्या फळीवर मारू नका, शिसाचे तुकडे आणि अख्खे छर्रे उलटे येतात. प्लेटच्या पुढं गादीवाल्याकडची जुनी चिंधी ठासून भरली तर आवाजही कमी होते. चष्मा प्रत्येकानं घालायचा, मारणाऱ्यानं आणि पाहणाऱ्यानंही. आणि पाहणारे सगळे मागं, रेषेच्या पुढं कोणीच नाही.

आता एक स्वस्तातली पण सगळ्यात महत्त्वाची ॲक्सेसरी, सेफ्टी फ्लॅग. गवत कापायच्या मशिनीत जो नायलॉनचा नारिंगी तार लागते ना, तो कृषी केंद्रात मीटरवर मिळते. नळीपेक्षा वीतभर लांब तुकडा कापा, तो नळीतून आरपार घाला, दोन्हीकडून बाहेर दिसला पाहिजे. दिसला म्हणजे रायफल रिकामी. स्पर्धेतही फ्लॅग नसेल तर वॉर्निंग भेटते, म्हणून सवय घरापासूनच. रायफल पेटीतून निघाली की तार आत, टेबलावर ठेवून हात काढला की तार आत.

रायफल अंगाला बसवणं

इथं घाई करू नका, एक आठवडा फक्त यालाच द्या, एकही छर्रा न मारता. आधी डोळा तपासा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमधून लहान खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबचा विजेचा खांब पाहा, मग एकेक डोळा झाका. जो डोळा उघडा असताना खांब खिडकीत राहते, तो तुमचा मास्टर डोळा. उजव्या हाताच्या पोराचा डावा डोळा मास्टर निघाला तर घाबरायचं काम नाही, लहान वयात डाव्या खांद्यावरच शिकवा, नाही जमलं तर डाव्या डोळ्यापुढं ब्लाइंडर लावा. आइस्क्रीमच्या डब्याच्या पांढऱ्या झाकणाची पट्टी कापून टोपीला लावली की झालं, रुंदी ३० मिलिमीटरच्या आत ठेवा. डोळा मिटून नेम धरायची सवय लावू नका, मिटलेला डोळा दुसऱ्यालाही ओढते.

मग बटची लांबी. कोपर काटकोनात वाकवा, बटची मागची प्लेट कोपराच्या आतल्या घडीला टेकवा, तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात पोचलं पाहिजे. हा फक्त सुरुवातीचा अंदाज आहे, उभं राहून पाहिल्यावर थोडं कमीजास्त होते. शाळेतल्या सगळ्या पोरांना एकच रायफल असेल तर प्रत्येकाची लांबी बटच्या दांडीवर मार्करनं नावासकट लिहून ठेवा. बटमध्ये भरायच्या स्पेसर चकत्या सोबत येतात, त्या हरवू नका, नव्या लवकर भेटत नाहीत.

बटप्लेटची उंची हा सगळ्यात चुकणारा भाग आहे. पोरगा उभा राहिला की मान वाकवून डोकं रायफलकडं नेते. उलटं पाहिजे, डोकं सरळ आणि रायफल डोळ्यापाशी. त्यासाठी बटप्लेट खाली सरकवायची, म्हणजे रायफल वर येते. डावं कोपर बरगडीला नाही, कमरेच्या हाडावर टेकलं पाहिजे, आणि रायफलचं वजन त्या हाडावरून सरळ पायात उतरलं पाहिजे. दंडाच्या ताकदीवर रायफल धरणारा मुलगा चांगला मजबूत असला तरी दहाव्या शॉटला थरथरते. कोपर कमरेला टेकत नसेल तर डावा तळवा सोडून मूठ करा, रायफल मुठीवर ठेवा, चार बोटं उंची मिळते. साहित्य घेण्याआधी एवढं करून पाहा, अर्ध्या लोकांना हँडरेस्ट, म्हणजे रायफलखाली हाताला उंची देणारा ठोकळा, लागतच नाही.

आता चीकपीस, हा मी जवळ बसून करून घेतो. पोराला डोळे मिटायला सांगा. डोळे मिटूनच रायफल खांद्याला, गाल चीकपीसवर, डोक्याचं वजन पूर्ण सोडून. दोन श्वास. आता डोळे उघड. मागच्या साईटच्या बारीक भोकात पुढच्या साईटची नळी बरोब्बर मधात दिसली पाहिजे, चारी बाजूनं सारखी उजेडाची कड ठेवून. नळी खाली दाबलेली, खालची कड बारीक झालेली दिसली म्हणजे डोळा खाली आहे, चीकपीस वर घ्या. वरच्या बाजूला चिकटली तर चीकपीस खाली. डावी-उजवीकडं गेली तर चीकपीस आतबाहेर सरकवा. दरवेळी अर्धा सूत, जास्त नाही, आणि पुन्हा डोळे मिटून पहिल्यापासून. पोट्टे डोळे उघडे ठेवून मान ॲडजस्ट करतात आणि "दिसलं सर" म्हणतात, ते धरायचं नाही. डोळे मिटून पाच-सहा वेळा सलग मधात दिसलं की स्क्रू आवळा आणि स्क्रूच्या डोक्यावरून लाकडापर्यंत नेलपॉलिशची एक रेघ मारा. पुढं कधी स्क्रू ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते.

यातच पायांचंही पाहून घ्या. टार्गेटकडं रायफल धरा, डोळे मिटा, श्वास सोडा, उघडा. नेम बाजूला गेला असेल तर हातानं ओढून आणू नका, मागचा पाय थोडा सरकवा. मग जमिनीवर खडूनं दोन्ही पायांचे ठसे आखून ठेवा.

साईट

कोणती साईट हे आधी स्पर्धेवरून ठरवा, पैसे वाचतात. शालेय स्पर्धांमध्ये ओपन साईट, म्हणजे भोकाऐवजी उघडी खाच असलेली, आणि पीप साईट असे वेगळे गट असतात. सहावी-सातवीचा मुलगा आणि बापाकडं साधी ब्रेक बॅरल, म्हणजे नळी वाकवून भरायची, रायफल असेल तर ओपन साईटनं खुशाल सुरुवात करा, जिल्ह्याच्या स्पर्धेला पुरते. मॅचमध्ये स्कोप चालत नाही. घरी सरावाला, छर्रे तपासायला लावायचा असेल तर दोन गोष्टी पाहा, एक, १० मीटरवर फोकस होणारा असावा, पुढची रिंग फिरवून अंतर जुळवता येणारा, नाहीतर कागद धूसर दिसते आणि डोळा हलला की नेम हलते. दुसरं, स्प्रिंगच्या रायफलचा झटका आधी मागं आणि मग पुढं असा दोन्हीकडं बसते, त्यात साधा स्कोप खिळखिळा होते, एअरगनचाच म्हणून बनवलेला घ्या आणि माउंटला, म्हणजे स्कोप धरणाऱ्या पट्ट्याला, मागून अडकणारी पिन असलीच पाहिजे.

पीप साईट मागच्या ११ मिलिमीटरच्या खाचेत बसते. आधी खाच कोरड्या कपड्यानं पुसा, तेल नको. साईट डोळ्यापासून साधारण तीन-चार बोटांवर येईल अशी सरकवा, चष्मा किंवा पापणी लागायला नको. अगोदर स्क्रू हलके लावा, पुढच्या साईटशी सरळ रेषेत आहे पाहा, मग थोडंथोडं आळीपाळीनं आवळा. अ‍ॅलन कीच्या लहान दांडीनं बोटांच्या जोरावर आवळलं तेवढं बास, पाना लावून आवळलं की खाच फाटते आणि मग रायफलच गेली.

पुढच्या साईटमध्ये रिंगची चकती टाकतात. टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असते, तो रिंगच्या आत दिसला पाहिजे आणि भोवताली पांढरी कड चांगली मोकळी. नवे पोट्टे लहान रिंग मागतात, वाटते की घट्ट बसली तर नेम पक्का. होते उलटं, घट्ट रिंगमध्ये गोल सारखा काठाला लागते, मुलगा परफेक्ट क्षणाची वाट पाहत थांबते, श्वास संपते आणि ट्रिगर ओढला जाते. मोठी रिंग टाका, ४ मिलिमीटरच्या आसपासची, आणि रायफलीचं हलणं मान्य करा.

आता झीरो करणं, म्हणजे नेम धरला तिथंच छर्रा पडेल अशी साईट जुळवणं. क्लिक फिरवायच्या आधी पाच छर्रे मारा, नेम एकच, मधात. कुठंही जाऊ द्या. पाचही एका जागी गोळा पडले तर साईटचं काम, विखुरले तर साईटला हात लावायचाच नाही, तो उभं राहण्याचा नाही तर छर्र्याचा प्रश्न आहे. गोळा पडले की त्यांचा मध्य पेन्सिलीनं काढा. ओपन साईटला नियम सोपा, छर्रा जिकडं न्यायचा तिकडंच मागची साईट हलवा. पीप साईटच्या नॉबवर मात्र अक्षरं आणि बाण वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे असतात, जर्मन अक्षरं असली तर आणखी गोंधळ. म्हणून वर-खालीचा नॉब एका दिशेला १० क्लिक फिरवा, पुन्हा पाच मारा, जुन्या मध्यापासून नवा मध्य किती मिलिमीटर आणि कोणत्या बाजूला गेला ते स्केलनं मोजा, वहीत लिहा. डाव्या-उजव्या नॉबचंही तसंच. मग हिशेब आयुष्यभराचा झाला. टार्गेटवर एका रिंगपासून दुसरी २.५ मिलिमीटरवर आहे आणि मधातला दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, तेव्हा रिंगवरून क्लिक मोजता येतात.

छर्रे

मॅचला चपट्या तोंडाचे, म्हणजे कागदाला गोल स्वच्छ भोक पाडणारे घ्या. डब्यावर ४.४९, ४.५० असे डोक्याचे माप लिहिलेले असतात. तुमच्या नळीला कोणतं आवडते हे फक्त मारूनच कळते, रायफल टेबलावर रेतीच्या पिशवीवर ठेवून दोन-तीन डब्यांतले पाच-पाच मारा, ज्याचा गोळा लहान तो तुमचा. मागची कड चेपलेला छर्रा बाजूला काढा, खिशात सुटे टाकून फिरू नका.

छर्रे शिसाचे असतात आणि शीस अंगात गेलं की लवकर निघत नाही, लेकरांच्या मेंदूवर परिणाम करते. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते, कारण आपल्याकडं माणूस त्याच हातानं खर्रा घोटते आणि तोंडात टाकते, आणि पोरगं त्याच हातानं चिवडा खाते. रेंजवर खाणं, खर्रा, बिडी, तोंडात छर्रा धरणं, सगळं बंद. झालं की साबणानं हात. ट्रॅप झाडूनं कोरडा झाडू नका, धूळ उडते, ओल्या फडक्यानं पुसा आणि शीस डब्यात झाकून ठेवा, कोंबड्या-गुरांच्या आवारात टाकू नका.

हवा आणि ट्रिगर

सिलिंडरच्या, म्हणजे पीसीपी रायफलला, त्यावर लिहिलंय तेवढाच दाब भरा, मॅच रायफलला बहुतेक २०० बार असते. सिलिंडरवर मुदतीची तारीख कोरलेली असते, ती संपली असेल तर स्पर्धेत नेमबाजाची जबाबदारी धरतात, जुनी रायफल विकत घेताना पहिले तीच पाहा. ऑक्सिजन कधीच भरायचा नाही, हॉस्पिटलचा असो का वेल्डिंगवाल्याचा, स्फोट होते. भरायच्या तोंडाला तेल-ग्रीस लावायचं नाही. हातपंपानं भरत असाल तर पावसाळ्यात पंपाची पाणी काढायची झडप दर थोड्या वेळानं उघडा. आणि आपला मे महिना ४५ डिग्रीचा, भरलेलं सिलिंडर टिनाच्या शेडमध्ये किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका.

रायफलीच्या ट्रिगरला कमीत कमी वजनाची अट नाही, म्हणून लोक फार हलका करून टाकतात. नव्या मुलाला असा ट्रिगर देऊ नका. पहिला टप्पा बोटाला स्पष्ट कळला पाहिजे, मग थांबा, मग दुसऱ्या टप्प्यावर थोडं दाबलं की सुटलं. पिस्तूलवाल्यांना मात्र ५०० ग्रॅम लागतेच. त्यासाठी पाण्याच्या बाटलीला सुतळीचा आकडा बांधा, किराणावाल्याच्या काट्यावर पाणी कमीजास्त करून बाटली, सुतळी धरून ५०० ग्रॅम करा, पिस्तूल कॉक करून नळी वर करा, आकडा ट्रिगरवर अडकवून हळूच उचला. उचलली गेली आणि सुटलं नाही तर पास. हे करताना छर्रा नसल्याची दोनदा खात्री. स्प्रिंगची बंदूक रिकामी सोडू नका, पिस्टन आपटून सील जाते.

वजनं शेवटी, आणि तेही महिन्या-दोन महिन्यांनी. नळीच्या टोकाला लहान वजन लावलं की हलणं संथ होते, पण लहान पोराची कंबर भरून येते. ५.५ किलोच्या वर रायफल जाता कामा नये, साईट आणि वजनं धरून. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला तर मी काहीच लावत नाही. बायपॉड १० मीटरच्या उभ्या प्रकारात लागत नाही, परत करून टाका.

स्पर्धेला एसटीनं जाताना रायफल कडक पेटीत, साईट काढून फडक्यात गुंडाळून वेगळी, सिलिंडर सोबत असेल तर सीटखाली, इंजिनच्या बाजूला नाही. पोचल्यावर आधी नेलपॉलिशच्या रेघा पाहा, मग साईट त्याच खुणेवर बसवा. मॅचआधी तयारी आणि सायटिंगला, म्हणजे साईट तपासायच्या छर्र्यांना, १५ मिनिटं मिळतात, त्यात पाच मारा, वहीतला हिशेब काढा, आणि तेवढेच क्लिक फिरवा.